वैनगंगेकाठचा पाठवणीचा साज

लग्न लागतं, पंगती उठतात आणि मांडवातली गडबड हळूहळू निरोपाकडे वळते. मुलीकडच्या बायका बांबूची एक टोपली पुढे आणतात. काही घरांत टोपलीच्या जागी सूप असतं. आत कणकेचे दिवे तेवत असतात, सोबत हळदकुंकू, सुपारी, खण. ती टोपली आधी वराच्या आईवडिलांच्या आणि मग जवळच्या नातेवाइकांच्या डोक्यावर क्रमाने टेकवली जाते आणि आपली मुलगी आता तुमच्या घरची, असं सांगून तिला हवाली केलं जातं. पोथीत या विधीला ऐरणीदान म्हणतात. घरोघरी त्याचं नाव झाल. सोनं, शालू, मानपान यांची चर्चा पुढे वर्षभर चालते. पण आईचे हात थरथरतात त्या वेळी त्या हातांत असते ती बुरुडाच्या अंगणात विणलेली टोपली.

गोंदिया तालुक्यातलं दवनीवाडा हे वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानपट्ट्यातलं गाव. नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. इंग्रजी अमलात हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. सीमा बदलल्या तरी सोयरिकी नदी ओलांडून होतच राहिल्या. पोवारी, झाडीबोली, मराठी, हिंदी या चारही बोली इथे एकाच मांडवात ऐकू येतात. पुण्याकडची पाठवणी इथे बहुतेकांच्या तोंडी बिदाई असते. त्यामुळे इथला लग्नाचा साजही दोन्हीकडचा आहे. बाशिंग आणि मुंडावळ्या आहेत, तसा मध्य भारतात सगळीकडे दिसणारा शिंदीच्या पानांचा मुकुट, म्हणजे मौरही आहे.

या साजाचा इतिहास राजेरजवाड्यांच्या बखरींत सापडत नाही. तो शोधायचा तर दोन साधे प्रश्न धरून चालावं लागतं. सामान कुठून आलं, आणि त्याला हात कोणाचे लागले?

सुरुवात मांडवापासून. लग्नाचा मांडव म्हणजे बांबू, लाकडी मेढी आणि वर हिरव्या डहाळ्या. जांभूळ, आंबा, उंबर यांना त्यात मान. हे सगळं जंगलातून आणि गावाच्या शिवारातून येई. मध्य प्रांतात गावाची मालकी मालगुजाराकडे असे आणि गावकऱ्यांना घरबांधणीसाठी, जळणासाठी, लग्नकार्यासाठी लाकूड-बांबू घेण्याचा रिवाजी हक्क होता. त्याला निस्तार म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ मध्ये जंगलं सरकारकडे गेली आणि निस्ताराची जागा वनखात्याच्या डेपोने घेतली. मालगुजाराची मर्जी सांभाळण्याचा काळ संपला, हे चांगलंच झालं. पण मुलीच्या लग्नासाठी बांबू आणायला जाणं म्हणजे आता पावती, परवाना आणि ठरलेल्या दिवशी डेपोवर हजर राहणं झालं. मांडवाच्या बांबूला आता पैशांत किंमत लागली.

याच बांबूवर बुरुडाचं घर चालतं. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हिंदी भागातले बसोर आणि मराठी भागातले बुरुड यांची एकत्र नोंद आहे: बांबूच्या टोपल्या, सुपं, चटया करणारे लोक. भंडारा जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियरही रसेल यांनीच संपादित केलेलं. लग्नाचे विधी, मुकुट, मांडवाची झाडं यांची टिपणं अशा ग्रंथांत सापडतात. ज्यांनी ती सुपं विणली, त्या माणसांची नावं मात्र त्यांत नाहीत.

लग्नाचं सूप विणणं हे रोजच्या सुपाहून निराळं काम आहे. बांबू कोवळा नको आणि जून झालेलाही नको. कोवळा आकसतो, जून तडकतो. हिरवा बांबू कोयत्याने उभा चिरतात, त्याचे पुन्हा दोन, पुन्हा दोन असे भाग करतात आणि मग सालीकडची कामटी आणि आतल्या गराकडची कामटी वेगळी काढतात. सालीची कामटी चिवट आणि चकाकणारी. ती काठाला आणि ताण पडेल तिथे. गराची कामटी मऊ. ती मधल्या विणीत. सुरीने तासताना कामटी अंगठ्याखालून सरकत जाते आणि जाडी डोळ्यांनी न पाहता बोटालाच कळते. लग्नाच्या सुपासाठी काही कामट्या रंगवून घेतात आणि एक साधी, एक रंगीत अशी वीण धरतात. त्यातून चौकडी उठते. काठ शेवटी दुहेरी पट्टीत दाबून बांधला जातो, कारण हे सूप डोक्यावर टेकवायचं असतं आणि त्याची एखादी कामटी निघून कोणाला टोचली तर अपशकुन मानला जाईल, ही धास्ती विणणाऱ्यालाही असते.

रंगांचाही इतिहास आहे. पळसाच्या फुलांचा केशरी-पिवळा आणि लाखेचा तांबडा हे इथल्या जंगलातले जुने रंग. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने लंडनमध्ये पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत अशा रंगांच्या पुड्या हिंदुस्थानातल्या बाजारांत पोचल्या. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, ती गोंदियावरूनच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुडा ओलांडून जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन झाली आणि गोंदिया जंक्शन बनलं. रेल्वे आली तिथे बाजार आला आणि बाजाराबरोबर गडद गुलाबी, पोपटी रंगाच्या पुड्या, पतंगी कागद आणि बेगड. आज ज्या रंगांना आपण लग्नाचे पारंपरिक रंग समजतो, त्यातले बरेचसे असे आगगाडीने आलेले आहेत.

शिंदी मात्र बांधावरची, ओढ्याकाठची. तिच्या पानांचे झाडू होतात, चटया होतात आणि नवरानवरीचे मुकुटही. मध्य भारतात हा मुकुट पुष्कळ ठिकाणी माळी करून देई. पानाची एकेक पाती मधल्या दांड्यापासून सोलायची, नखाने उभी चिरायची, गुंफून पट्टा करायचा आणि त्यावर दुमडून काढलेली फुलं, पोपट, झिरमिळ्या बसवायच्या. पान हिरवं असतं तोवरच वळतं. वाळलं की मोडतं. म्हणून हे काम आधी करून ठेवता येत नाही, लग्नाच्या तोंडावरच करावं लागतं. विधी आटोपल्यावर मुकुट नदीत किंवा तळ्यात सोडण्याची रीत अनेक समाजांत आहे. वस्तुसंग्रहालयांत जुने दागिने भेटतात, पितळेची भांडी भेटतात. शिंदीचा जुना मुकुट भेटणं अवघड, त्याचं कारण हेच.

बाशिंगाची गोष्ट थोडी वेगळी. भेंड, पुठ्ठा, बेगड, रंगीत कागद, जर यांतून बाशिंग बनतं. भेंड ही पाणथळीत वाढणारी वनस्पती. तिचा पांढरा, हलका गाभा पातळ कापता येतो आणि त्याची फुलं कोमेजत नाहीत. विदर्भात बाशिंगाचा हंगाम वर्षातून दोनदा येतो. उन्हाळ्यात ते नवरदेवाच्या कपाळावर असतं आणि श्रावणाच्या अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, बैलांच्या. त्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहतात, त्यांच्या अंगावर झुली असतात, गळ्यात घुंगरमाळा असतात आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात. लग्नाचा साज करणाऱ्या कारागिराला पावसाळ्यातही काम मिळे ते पोळ्यामुळे.

हाच बैल नवरीची गाडीही ओढत असे. मोटारी येण्याआधी बिदाई म्हणजे सजवलेली बैलगाडी. बांबूच्या तट्ट्याचा गोल आडोसा, त्यावर लुगडं किंवा चादर, आत गादी, बाहेर आंब्याच्या पानांची आणि झेंडूची तोरणं. धान हे इथलं मुख्य पीक असल्याने पिकलेल्या लोंब्यांनाही साजात जागा होती. कापणीनंतर निवडक लोंब्या गुंफून त्यांची झुपकेदार तोरणं दारावर टांगण्याची कला शेजारच्या छत्तीसगडात आजही जोरात आहे. तिथे ही तोरणं चिमण्यांसाठीही असतात.

आता रुखवताकडे. मुलीबरोबर सासरी जाणाऱ्या हस्तकलेचं हे सर्वांत मोठं दालन, आणि त्याचं रूप गेल्या शंभर वर्षांत सर्वांत जास्त बदललं आहे. मुळात रुखवत म्हणजे खाणं. लग्नाआधी वराकडची मंडळी जानवशावर उतरली की मुलीकडून त्यांना फराळ जाई. पुढे त्याच्याबरोबर शिदोरी म्हणून लाडू, करंज्या, अनारसे, पापड, कुरडया मांडल्या जाऊ लागल्या.

हस्तकला तेव्हाही होतीच, ती कणकेत होती. कार्याचा मुहूर्त केल्यावर बायका एकत्र बसून गव्हले वळत. गव्हाच्या दाण्याएवढी वळकटी बोटांच्या पेरांत फिरवून करायची, एकासारखी दुसरी. नखाने दाबून वळलेले नखुले, बोटावर गुंडाळलेले बोटवे, काडीवर फिरवलेले सरगुंडे. विदर्भातल्या बायकांना हे आकार पाठ असत. सरगुंड्यासाठी भिजवलेल्या कणकेची लांब वळी बारीक काडीभोवती गुंडाळायची आणि ओली असतानाच अलगद सरकवून काढायची. काडी ओढताना पीळ सुटला तर सगळं पुन्हा. परातभर सरगुंडे उन्हात वाळत पडलेले पाहिले की पाहुण्यांना नवरीच्या घरातल्या बायकांच्या हाताचा अंदाज येई. रुखवतात मुलीच्या हाताचं कौतुक करायची प्रथा आली ती बहुधा इथूनच.

विसाव्या शतकात शाळा आली आणि ही बोटं कणकेकडून कागद, लोकर आणि पुठ्ठ्याकडे वळली. मुलींच्या शाळांत शिवण-टिपण शिकवलं जाऊ लागलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजींची कल्पना अशी होती की मुलाने एखाद्या हस्तोद्योगातून शिकावं, आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. वर्धा याच मध्य प्रांतात होतं, आणि प्रांताचं सरकार रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने विद्यामंदिर योजनाही राबवू पाहत होतं. गांधीजींची ही नई तालीम तिच्या मूळ रूपात टिकली नाही. पण सूतकताई, पुठ्ठाकाम, कागदकाम शाळेत येऊन बसलं. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली आणि पुढे महाराष्ट्राच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आला.

त्या तासाला मुलींनी जे केलं ते रुखवतात मांडलेलं ओळखू येतं. आगपेटीच्या काड्यांची झोपडी, पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन, मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, लोकरीचे पोपट, प्लास्टिक वायरच्या पिशव्या. सुपारीला कुंची घालून केलेली बाहुली, नारळाला डोळे-नाक लावून केलेले नवरानवरी, सात सुपाऱ्यांची सप्तपदी. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये निघालं. त्याच्यासारख्या मासिकांतून विणकामाचे आणि भरतकामाचे नमुने शहराबाहेरच्या घरांत पोचले. जिच्याकडे अंक असे तिच्याकडून आळीतल्या सगळ्या मुली नमुना उतरवून घेत.

गोंदिया-भंडाऱ्यात या हातांना आणखी एक कसब होतं. हा विडीचा मुलूख. तेंदूपानाचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांत येतो, म्हणजे ऐन लग्नसराईत. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे आणि त्याच पैशांतून घरातल्या कार्याची खरेदी. विडी वळणाऱ्या बाईला पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीने एकसारखा तुकडा कापायची सवय असते. पतंगी कागदाच्या घड्या घालून एका कापात पताकेची नक्षी काढायला हेच हात लागतात. सुतळीवर भाताच्या खळीने डकवलेल्या अशा पताका गावच्या मांडवात आजही दिसतात.

हौस आणि दडपण यांच्यातली रेषा मात्र पुसट होती. रुखवत मोठं तर मुलगी मोठ्या घरची, असा हिशेब सुरू झाला की कागदी फुलांशेजारी कपाट आणि पलंग येऊन बसत. सुधारकांनी या खर्चावर बोट ठेवलं होतं. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिलं लग्न अगदी साधेपणाने लावलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्यानंतर पूर्व विदर्भातल्या लाखो घरांत लग्नाचं रूपच बदललं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या, पांढरी वस्त्रं, फुलांचे हार, मांडवावर पंचशील ध्वजाच्या रंगांच्या पताका. बाशिंग गेलं. कागद कातरणारे हात मात्र या मांडवातही कामाला लागले.

कायद्याने ही रेषा आखायचा प्रयत्न केला. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणं-घेणं गुन्हा ठरवलं. पुढच्या दुरुस्तीत रिवाजी भेटींना सूट मिळाली, पण त्या मागून घेतलेल्या नसाव्यात आणि ऐपतीबाहेरच्या नसाव्यात, या अटीवर. २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या याद्या लेखी ठेवायच्या असतात: वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, शेवटी सह्या. ही यादी फार थोड्या घरांत होते. ती झाली तर सुपारीच्या बाहुलीपुढे किंमत काय लिहायची हा प्रश्न पडेल, आणि कपाटापुढे लिहायला लागणारा आकडा सगळ्यांना दिसेल.

१९८० नंतर बदल वेगाने झाला. गावोगावी बिछायत केंद्रं उघडली. कनाती, खुर्च्या, झुंबरं, रंगीत दिवे भाड्याने मिळू लागले आणि डहाळ्यांचा मांडव विधीपुरता, कोपऱ्यातला राहिला. शिंदीच्या मुकुटाची जागा प्लास्टिकच्या मोत्यांनी घेतली. पुठ्ठ्याच्या महिरपीच्या जागी थर्माकोल आला: हलका, पांढराशुभ्र, गरम तारेने हवा तसा कापता येणारा. वधूवरांची नावं थर्माकोलच्या अक्षरांत झळकू लागली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हा या सजावटकारांना पुन्हा कापड, कागद आणि बांबूकडे पाहावं लागलं. रुखवतही आता तयार मिळतं. शहरांत तर ते भाड्यानेही येतं; दोन तास टेबलावर मांडायचं, फोटो काढायचे आणि परत करायचं.

या बदलात बुरुडाचं काय झालं? प्लास्टिकच्या टोपलीने त्याचं रोजचं गिऱ्हाईक नेलं. लग्नाचं गिऱ्हाईक मात्र टिकलं, कारण झालीला प्लास्टिकचं सूप चालत नाही. वर्षभराची मागणी गेली आणि लग्नसराईची उरली, तेव्हा ज्याला चार महिने काम आहे त्याचा मुलगा हा धंदा धरत नाही. कच्च्या मालाच्या बाजूने काही दारं उघडली आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला आणि गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला आता पूर्वीसारखी आडकाठी नाही. बांधावर शिंदी आणि बांबू दोन्ही उभे राहू शकतील असा हा धानपट्टा आहे.

हात मात्र कमी होत चालले आहेत, आणि तातडीने करण्यासारखं काम तिथे आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचं उमेद अभियान यांच्यामुळे गावागावांत बायकांचे बचत गट आहेत. दवनीवाड्यासारख्या गावातल्या एखाद्या गटाला लग्नसराईआधीच्या दोन महिन्यांत लोंब्यांची तोरणं, रंगीत विणीची सुपं, कागदी पताका यांचं काम सहज उचलता येईल, कारण गिऱ्हाईक शोधायला दूर जावं लागत नाही; नदीच्या दोन्ही काठांवर लग्नं आहेत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बुरुडाला मानधन देऊन बोलावता येईल. शिंदीचा मुकुट गुंफणारी जी वयस्क माणसं अजून गावात आहेत, त्यांच्या हातांचं चित्रीकरण पानं हिरवी असतानाच करून ठेवता येईल: पाती कशी सोलली, कितव्या घडीला पोपटाची चोच निघाली, पट्टा कुठे बांधला. आणि सोबत करणाऱ्याचं नाव, गाव, कोणाकडून शिकलं हेही लिहून ठेवायचं. १९१६ च्या त्या चार खंडांत जी नावं आली नाहीत, ती निदान आत्ता तरी यावीत.